पूजेच्या गोळ्या

गेल्या दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी रिव्हॉल्व्हरच्या अठरा गोळ्या बाद केल्या. नव्या वीस गोळ्यांना दोन हजार सहाशे रुपये लागणार होते. हे सांगितलं तेव्हा घरात आम्ही तिघंच होतो: वडील, बायको आणि मी. वडिलांना आम्ही आबा म्हणतो.

चोपड्याबाहेर केळीच्या मळ्यात आमचं घर आहे. हाक मारली तर ऐकू जाईल असं दुसरं घर जवळ नाही. आबांचं वय झालं तसं रिव्हॉल्व्हरचा परवाना माझ्या नावावर झाला. सोबत कातडी पिशवी आणि त्यातल्या गोळ्याही आल्या. दर दसऱ्याला आबा शस्त्र पाटावर मांडतात आणि गोळ्यांची त्यापुढे ओळ लावतात. हळद, कुंकू, फुलाने शिंपडलेलं पाणी. मग सगळ्या तशाच ओल्या पिशवीत जातात.

त्या सकाळी मी एकेक गोळी उजेडात धरली. पितळेवर हिरवा थर होता, काहींच्या बुडाशी कुंकू घट्ट बसलं होतं. मी म्हणालो, या घरात राहणार नाहीत.

"पूजेल गोया शेत त्या," आबा म्हणाले. "देवले कोनी टाकस का? मी इतला वरीस संभाय्या, एक बी फुटनी नही!"

"तेच तर, आबा," बायको म्हणाली. "नेमकी पाहिजे त्या दिवशीही फुटणार नाही."

आबा तिच्याशी नाही, माझ्याशी भांडले. "घाबरी ग्या का रे तू?"

हो, घाबरलो होतो. ओल लागलेल्या दारूने गोळी नळीतच अडकली आणि मागून मी दुसरी झाडली, तर शस्त्र माझ्याच हातात फुटेल. माझ्या मागे बायको उभी असेल. घरात शिरलेला चोर तसाच समोर राहील. पूजा शस्त्राची करा, मी हात जोडीन. पण माझ्या बायकोचा जीव मी कुंकवावर सोडणार नाही. तसं तोंडावर सांगितलं. आबा जेवले नाहीत. मीही समजूत घालायला गेलो नाही.

आठवड्याने जळगावला दुकानात निघालो तर आबा टोपी घालून गाडीत आधीच बसलेले.

रिव्हॉल्व्हरवर कोरलेल्या मापाच्याच गोळ्या मी मागितल्या, बंद पाकिटातल्या. पाकिटावरचं साल वाचलं. आबांनी काचेखालच्या दुसऱ्या गोळीवर बोट ठेवलं. "हाई सस्ती शे. बसाव नही का?"

"बसेल, आबा," दुकानदार म्हणाले. "पण ती पिस्तुलाची."

"बसते म्हणजे चालते असं नाही," मी म्हणालो.

"बठ्ठं तुलेच समजस," आबा पुटपुटले.

परवान्यावर नोंद झाली. जुन्या गोळ्या मोजून, नोंद करून दुकानदारांकडे जमा केल्या. यंदा पाटावर रिकामं रिव्हॉल्व्हर जाईल. गोळ्या कपाटात, कोरड्या डब्यात, कुलपाआड राहतील. आबांनी पुन्हा जेवण सोडलं तरी.

दुकानदारांना दोन हजार सहाशे दिले. आबांनी खिशातून अकरा रुपये काढून जुन्या गोळ्यांवर ठेवले. दुकानदार ते परत करू लागले.

"तुमले नही," आबा म्हणाले. "त्यास्ले."