बरोबरचं चिन्ह

आमच्या द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये एक सर होते. कोणत्या प्लॉटची काढणी कधी करायची, ते त्यांच्या एक्सेल शीटवर ठरायचं. शेवटच्या फवारणीची तारीख अधिक त्या औषधाचा अंश उतरायला लागणारे दिवस, एवढाच हिशोब. पण सरांनी तुकडे जोडून सूत्र बनवलं होतं. ते नुसतंच अक्षरांसारखं दिसायचं, बरोबरच्या चिन्हासकट, आणि तारीख काही यायची नाही. मग सर ते शेजारच्या रकान्यात पेस्ट करायचे आणि एकेका चौकटीत जाऊन एंटर मारायचे, तेव्हा कुठे ते जिवंत व्हायचं. तीनशे प्लॉट, तीनशे एंटर, दार लावून. साधी बेरीज टाकली असती तर भागलं असतं, पण मग यांना विचारलं कोणी असतं? झाकली मूठ सव्वा लाखाची.

फवारणीच्या तारखा मी भरायचे. एका सीझनला दिंडोरीकडच्या एका प्लॉटचा माल लवकर काढला गेला, तपासणीत औषधाचा अंश सापडला आणि सगळा माल परत आला. सरांनी मॅनेजरसाहेबांना सांगितलं, की हिनेच तारीख चुकीची भरली. चोराच्या उलट्या बोंबा! मला खुर्चीवरून उठवलं आणि खोक्यांना लेबलं लावायला बसवलं. वर सर सगळ्या बायकांसमोर म्हणाले, "लेबलं सरळ लाव. डोक्याचं काम आम्ही बघतो."

ते वाक्य मी घरी नेलं. भाकरी थापताना आठवायचं आणि नुसती तिडीक जायची डोक्यात. तीन रविवार घरच्या लॅपटॉपवर तसलीच शीट करून डोकं फोडलं. शेवटी सापडलं. सगळा रकाना निवडायचा, एक्सेलमधलं 'शोधा आणि बदला' उघडायचं, आणि बरोबरच्या चिन्हाच्या जागी पुन्हा बरोबरचंच चिन्ह टाकायचं. एका फटक्यात सगळी सूत्रं जिवंत होतात. मी एकटीच हसत बसले.

मग वाट बघितली. सर मुलीच्या लग्नाची पैठणी घ्यायला येवल्याला गेले, तो दिवस उजाडला. दारात कंटेनर उभा, नव्या तारखा निघालेल्या नाहीत आणि सरांचा फोन लागेना. साहेब घामाघूम. मी बोटांचा डिंक पुसला आणि म्हटलं, मी बघू का?

मिनिटभरात तारखा निघाल्या. पण मी तेवढ्यावर सोडणार होते थोडीच. मागच्या सीझनची शीट उघडली आणि तेच केलं. माझा रकाना आणि सरांचा रकाना शेजारी शेजारी ठेवले. सगळ्या तारखा जुळल्या, फक्त दिंडोरीचा तो प्लॉट सोडून. तिथे सूत्र नव्हतंच. कंटाळून सरांनी अंदाजाने तारीख टाइप केली होती, पंधरा दिवस आधीची. मी भरलेली फवारणीची तारीख मात्र रजिस्टरप्रमाणे बरोबर होती.

"साहेब," मी म्हटलं, "एवढी एक ओळ बघा."

त्यांनी बघितली, रजिस्टर मागवून पुन्हा बघितली. दुसऱ्या दिवशी सरांची खुर्ची माझी झाली.

आठवड्याने सर लग्नाची पत्रिका घेऊन आले आणि हळूच विचारलं, कसं केलंस गं ते? मी लेबलांचं बंडल त्यांच्या पुढ्यात सरकवलं. "लेबलं सरळ लावा, सर. डोक्याचं काम मी बघते."

लग्नाला गेले. पंगतीत जिलबी दोनदा मागून घेतली. सर स्वतः वाढत होते, आणि वाढता वाढता त्यांनी परत विचारलं. मी म्हटलं, मठ्ठा आणा.