फांदी छाटली नव्हती, बांधली होती

बाळंतिणीच्या खोलीचा पडदा ओढून आत कॅमेरा घुसवाल का हो तुम्ही? नाही ना? मग पाखरांच्या वेळी ही लाज जाते कुठे?

आमच्या गल्लीमागच्या दवाखान्यात एक माळी आहेत. सगळे त्यांना तात्या म्हणतात. झाडांशी तासभर बोलतील, माणसांशी हूं की चूं नाही. त्यांची बायको म्हणते, "ह्यांना कुंडीतच लावायला हवं होतं." तर अशा ह्या माणसाला फाटकाजवळच्या झाडावर हळद्याचं घरटं दिसलं. बेचक्यात टांगलेली झोळी, आत पिल्लं. आनंदाच्या भरात बोलून बसले, तेही मोठ्या डॉक्टरांजवळ. डॉक्टरांना फोटोंचा भारी नाद.

"तात्या, समोरची फांदी छाटा की जरा."

"साहेब, ऊन थेट आत जाईल. कावळ्यालाही दिसेल."

"मग वॉर्डबॉयला सांगतो. त्याच्याकडे कोयता आहे."

कंत्राटी माणूस, नाही म्हणणार तरी कसा? तात्यांनी मधला मार्ग काढला. रोपाला न काचता ते काठीला बांधायचं कसब बोटांत मुरलेलं. शिडीवर चढले, फडक्याच्या पट्टीने फांदी बाजूला ओढून धरली, डॉक्टरांचे चार फोटो होताच सोडली. पानं पुन्हा जागेवर. मला ऐटीत सांगत होते. मी म्हटलं, "तात्या, आता रांग लागेल बघा."

लागलीच. फोटो ह्या फोनवरून त्या फोनवर फिरला. तात्यांना मागच्या हिरवळीवर कामाला जुंपलं होतं. दुपारी पुढे येऊन बघतात तर फांदी तारेने करकचून आवळलेली, घरटं रखरखीत उन्हात, खाली ट्रायपॉडांची दाटी. मादी चोचीत अळी घेऊन विजेच्या तारेवर. खाली यायची छाती होईना तिची.

"अहो, सोडा ती फांदी! पिल्लांनी माना टाकल्यात."

"काका, तुमचीच तर आयडिया! एक पान तोडलेलं नाही आम्ही. मादी भरवताना मिळाली की निघालोच."

तात्या शिडीकडे वळले. मागून डॉक्टरांचा आवाज आला, "तात्या, मध्ये येताय."

आणि तात्या बाजूला झाले.

मग त्यांनी मला फोन केला. मी धावत आले, तर फाटकावर रखवालदार आडवा. घसा फुटेस्तोवर भांडले. आत सोडलं तेव्हा गर्दी पांगली होती, तार तशीच होती, आणि कावळा येऊन गेला होता. रिकाम्या झोळीशेजारी तात्या शिडीवर उभे, पकडीने तार उकलत होते.

"आता कशाला, तात्या?"

"फांदीला काचतंय."

मी तक्रार केली. उत्तर आलं: झाडाला कसलीही इजा झालेली नाही. खरंच आहे, झालेली नाही. यावर कुठल्या खिडकीपाशी जाऊन ओरडू?

म्हणून तुम्हालाच सांगते. कुठे घरटं दिसलं, तर कितीही आनंद होऊ दे, जागा कोणाला सांगू नका. आणि कोणी घरट्याचा फोटो पाठवला, तर तो तुमच्या फोनवरच अडवा. एवढं कराच.