अर्धा चेहरा फुकट

गिऱ्हाइकाचा हात धरून पोट भरायचं म्हटलं की किस्से गोळा होतातच, ते वेगळे शोधावे लागत नाहीत. आजही कुणी विषय काढला की मी एक सांगायला घेते आणि त्याचं शेपूट धरून दुसरा येतो.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. बोईसर स्टेशनजवळ नवीन शॉपिंग सेंटर झालं होतं. आतले गाळे महाग, म्हणून आमच्या मुंबईच्या कंपनीने जिन्याखालची जागा घेतली. एक काउंटर, एक गोल आरसा, एक उंच स्टूल. विकायचं काय, तर गोरं करणारं क्रीम. किंमत अशी, की ऐकून बाई आधी हसायची आणि मग आपण नीट ऐकलं का म्हणून पुन्हा विचारायची.

आम्ही मूळचे साताऱ्याकडचे, वडील तारापूरला कारखान्यात. बारावी झाल्यावर घरी बसणं मला जमेना म्हणून ही नोकरी धरली. तिथे गेल्यावर कळलं, एका जागी उभं राहणं त्याहून जमत नाही. माझा एक पाय कायम काउंटरच्या बाहेर. रस्त्यावरून साधा टेम्पो गेला तरी वाटायचं, हा कुठे चाललाय, आपणही त्यात असतो तर.

आम्ही तिघी होतो. मी, माझ्याच वयाची शिरगावची मालू, आणि रेखाताई. रेखाताई वयाने मोठ्या. त्यांच्या मिस्टरांची कंपनी बंद पडली होती, त्यामुळे घर त्यांच्यावर. आमच्या डोक्यावर सामंत सर. विरारहून रोज शटल गाडीने यायचे, घामाने भिजले तरी टाय सोडायचे नाहीत. टार्गेट झालं नाही तर स्टॉल बंद, हे कंपनीने त्यांना सांगितलं होतं आणि ते आम्हाला दिवसातून चारदा सांगायचे.

*

ट्रेनिंग सरांनीच दिलं. "हसायचं. हात धरायचा. आणि काही झालं तरी हात सोडायचा नाही. हात सुटला की गिऱ्हाईक सुटलं."

मग एकमेकींवर प्रॅक्टिस. मालूची पाळी आली तेव्हा सर स्वतः गिऱ्हाईक झाले. मालूने हात धरला. तिच्या घरी होड्या ओढायची सवय, पकड तशीच.

"छान. आता सोड," सर म्हणाले.

मालू हसत राहिली. "फक्त बघून तर जा, सर."

"अगं सोड. माझी शटल आहे."

"सगळी गिऱ्हाइकं असंच बोलतात, सर. तुमीच सांगितलंय, सोडायचा नाय."

पलीकडे गाडीने शिट्टी दिली आणि सुटली. मग मालूने हात सोडला. सर मनगट चोळत स्टुलावर बसले आणि म्हणाले, "पास झालीस." तोंड मात्र पास झाल्यासारखं नव्हतं.

*

सरांचा हुकमी डाव म्हणजे अर्धा चेहरा. बाईला स्टुलावर बसवायचं, चेहऱ्याच्या एका बाजूला क्रीमचा पांढरा लेप द्यायचा आणि थांबायचं. अर्धा चेहरा फुकट, उरलेला डबी घेतल्यावर. असं अर्धवट तोंड घेऊन कोण रस्त्यावर जाईल?

दांडी गावची एक मावशी बाजारात मासळी विकायला यायची. एकदा सकाळी सरांनी तिलाच गाठलं. पाटी खाली ठेवून ती बसली, लेप लावून घेतला, आरशात बघितलं.

"आनि ह्यो दुसरा गाल?"

सरांनी डबीची किंमत सांगितली.

मावशी उठली. पाटी डोक्यावर घेतली. "मंग ऱ्हाऊ द्या अर्दाच," म्हणाली आणि तशीच निघाली, एक गाल पांढराफेक, एक तिचा.

तासाभराने मालू बाजारातून धावत आली. मावशी बाजाराच्या मधोमध बसलीय आणि विचारील त्याला सांगतेय, "त्या जिन्याखालच्या टायवाल्यानं केलंय. त्याला अर्दाच येतो." सरांना घाम फुटला. कापूस आणि पाणी देऊन त्यांनी मालूला परत पाठवलं, की आधी तिचं तोंड पुसून ये.

मावशीने पुसू दिलं नाही. "थांब गं बाय. आज लोकं तोंड बगायला येतात आनि म्हावरा घेऊन जातात. पाटी रिकामी झाली की पूस."

*

रंगाच्या कारखान्यातली पोरं सुट्टीच्या दिवशी यायची. उत्तरेकडची, खोली करून राहणारी. एकाच्या कपाळापासून कानापर्यंत निळा डाग होता. गावी जायचं होतं, लग्न ठरलं होतं. त्याने हळूच विचारलं, "साब, ये जाएगा?"

"कोई भी दाग जाएगा," सर म्हणाले आणि स्वतः चोळायला बसले. क्रीम निळं झालं. सरांची बोटं निळी झाली. हात पुसताना टाय निळा झाला. कपाळ होतं तसंच.

पोराने आरशात बघितलं, मग सरांच्या बोटांकडे. त्याचं वाईट वाटणं कुठल्या कुठे गेलं. "नहीं जाएगा, साब," तो छाती काढून म्हणाला, "हमारी कंपनी का माल पक्का है."

*

हसलो आम्ही पुष्कळ. पण एक दिवस हसू आलं नाही.

मासवणहून एक आई मुलीला घेऊन आली होती. मुलीला बघायला पाहुणे यायचे होते. डोंगराकडची कष्टाची माणसं, दोघी उन्हातून आल्यामुळे दमलेल्या. सरांनी मुलीच्या तोंडासमोर भिंग धरलं आणि आईला बोलावलं. "बघा आई, हे काळे डाग. हे खड्डे. वेळेवर केलं नाही तर पुढे कठीण होईल."

मुलीने मान खाली घातली ती वर केली नाही. आईचा चेहरा उतरला. ती कमरेची पिशवी सोडायला लागली, तेवढ्यात सरांनी डबीचं वजन वाढवायला एक वाक्य जास्त टाकलं. "एकच पथ्य. महिनाभर उन्हात जायचं नाही."

आई थांबली. "मंग भाताची लावनी कोन करंल?"

सरांनी सवयीने मुलीचा हात धरला. आईने एक एक करून त्यांची बोटं सोडवली. आवाज चढवला नाही. "सायेब, आमची पोर धरू नको," एवढंच म्हणाली.

दोघी रस्त्याला लागेपर्यंत मी बघत होते. त्यांच्या मागे चालत सुटावं असं फार वाटलं. सर आरसा पुसत बसले, स्वच्छच होता तरी.

*

रोज सकाळी आम्हीही ते क्रीम लावायचं, असा नियम होता. विकणारीचा चेहरा चमकला पाहिजे. पावसाळा संपता संपता मालूचे गाल लाल झाले, मग सालं निघायला लागली.

"सर, लय जळजळतंय."

"जळजळतंय म्हणजे काम करतंय," सर म्हणाले.

"मग तुमीपन लावा ना, सर."

"पुरुषांचं वेगळं येणार आहे."

मालूने डबीचं झाकण घट्ट लावलं, ती सरांच्या हातात दिली. "मग ते आलं की मला बोलवा," म्हणाली आणि शिरगावच्या एसटीत बसून गेली. गाल बरे व्हायला दिवाळी उजाडली. ती परत आली नाही. रेखाताईंनी मात्र दुसऱ्या दिवशीही चेहऱ्याला क्रीम लावलं. मी काही बोलणार होते, त्या म्हणाल्या, "माझी कातडी जाड आहे गं," आणि गिऱ्हाइकाकडे वळल्या.

*

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, भर दुपारी एक बाई जिन्यापाशी येऊन उभ्या राहिल्या. साधी सुती साडी, हातात कापडी पिशवी, कुणाला तरी शोधत असल्यासारख्या. सर चहाला गेले होते. रेखाताईंनी हात धरला, गोड बोलून स्टुलावर बसवलं. बाईंना गंमत वाटली असावी. त्यांनी डोळे मिटून घेतले. रेखाताईंनी गालाला लावलं, खाली गळ्यापर्यंत ओढलं.

तेवढ्यात सर आले.

"हिला नको."

"दोनच मिनिटं, सर. होतच आलंय."

"नको म्हटलं ना!"

सर कधी ओरडत नसत. बाईंनी डोळे उघडले. "असू द्या हो. अख्ख्या बोईसरला लावता, घरी कधी एक डबी आणली नाहीत. डबा विसरलात म्हणून आले, तर म्हटलं..."

सरांनी ऐकलं नाही. त्यांनी खिशातला रुमाल काढला, तांब्यातल्या पाण्यात बुडवला आणि बायकोचा गाल पुसायला लागले. जिन्यावरून लोक जात-येत होते, थांबून बघत होते. "मान वर कर," सर म्हणाले. गळा पुसला. कानामागे पुसलं. रुमाल पिळून पुन्हा बुडवला.

"डोळ्याजवळ लागलंय?"

"थोडंसं."

रुमालाचं टोक करून त्यांनी तेही अलगद टिपून घेतलं. मग तिला स्टेशनच्या वाटेला लावलं, ती वळेपर्यंत उभे राहिले आणि परत आले. आमच्याकडे बघितलं नाही. टाय सारखा केला. जिना उतरणाऱ्या एका बाईसमोर हात पुढे केला आणि हसून म्हणाले, "या ताई, बसा."