साक्षीला चाकू

खरं नाव काय होतं ते टपालवाल्याला ठाऊक, बाकी गल्ली त्यांना फ्यूजकाका म्हणायची. कुणाच्या घरात अंधार झाला की पहिली हाक काकांना. खांद्यावर शिडी, खिशाला टेस्टर आणि तोंडात एकच वाक्य, "काही नाही, होतं असं." वायरमनच्या धंद्यात अर्धं आयुष्य काढलेल्या या माणसाने दुसऱ्यांचे फ्यूज ढिगाने बदलले, स्वतःचा मात्र कधी उडू दिला नाही. घरात उडायचा तो काकूंचा, आणि तोही उगाच नाही.

काकूंना दमा आणि काकांना सिगारेट, असा तो संसार होता. सिगारेट लपवण्यात काकांनी जेवढी अक्कल खर्च केली तेवढी धंद्यात केली असती, तर आज चार माणसं हाताखाली असती. जिन्यात थांबून बोटांना लिंबू चोळायचं, तोंडात वेलची टाकायची आणि साळसूद चेहऱ्याने दार वाजवायचं. परिणाम एवढाच झाला, की लिंबू आणि वेलचीचा वास एकत्र आला की स्वारी ओढून आली आहे, हे काकूंना आतल्या खोलीतूनही कळायचं.

"ओढलीत ना?"

"गळ्याशपथ नाही," असं म्हणत काका काकूंच्या गळ्याला बोट लावायचे. शपथ काकूंच्या गळ्याची, खोटं काकांचं.

मग एकदा काकूंना दम्याचा असा झटका आला की दवाखान्यात ठेवावं लागलं. घरी आल्या तेव्हा जिन्याच्या खिडकीत लपवलेली राखेची ताटली नाहीशी झाली होती आणि काकांनी सिगारेट सोडली होती. सोडली म्हणजे सोडली. सुरुवातीला जेवण गोड लागायचं नाही, बरोबरीचे कारागीर मुद्दाम समोर धूर सोडायचे. काकांनी कुरकुर केली नाही की फुशारकी मारली नाही. भल्याभल्यांना जमत नाही ते या माणसाने गुपचूप निभावलं. काकूंनीही हळूहळू श्वासाचा पंप उशीजवळून हलवून कपाटात ठेवला. एवढी मोठी शाबासकी काकांना आयुष्यात दुसरी मिळाली नव्हती.

काकू घरी बसून कपडे दुरुस्त करून द्यायच्या. शिवण उसवायला त्यांच्याकडे एक जुना खिशातला चाकू होता. एका जाड पँटने त्याचं टोक मोडलं. काकांनी दुकानातून नवा आणून दिला, तो काकूंनी दोनदा चालवला आणि म्हणाल्या, "याने लोणीसुद्धा कापायचं नाही." म्हणून काका जुन्या वस्तूंच्या बाजारात गेले. तिथे तसाच चाकू मिळाला. लाकडी मूठ, दोन पाती, घट्ट स्प्रिंग. बाजार उघड्यावरचा, वारा वाहत होता, आणि काकांचं नाक तर जन्मभर धूर खाल्लेलं. चाकू शर्टाच्या खिशात उबेला बसला तेव्हा कुठे त्यांच्या लक्षात आलं, की आधीचा मालक पक्का सिगारेटवाला असावा.

असा चाकू काकूंच्या हातात द्यायचा? गिऱ्हाइकांच्या कपड्यांना वास लागायचा, आणि दमा होता तो वेगळाच. काहीतरी करायला हवं होतं, आणि काकांना वासावर इलाज एकच ठाऊक होता. त्यांनी वाटेतच चाकूला लिंबू चोळलं, वेलची चुरडून पात्यांत भरली, आणि स्वतःवर खूश होऊन दार वाजवलं.

काकूंनी दार उघडलं. सिगारेट, लिंबू, वेलची. काका काही बोलायच्या आतच त्यांचा चेहरा उतरला.

"पुन्हा सुरू केलीत."

"अगं, हा चाकू. तुझ्यासाठीच आणलाय. वास याला आहे."

काकूंनी चाकू हुंगला. "तुमच्या खिशात असतो ना? मग वास मारणारच."

"आजच घेतलाय."

"बरं. घ्या माझी गळ्याशपथ."

काकांचा हात वर आला, अर्ध्यावर थांबला आणि खाली गेला. "ती नाही घेणार."

"मग झालं तर," काकू म्हणाल्या, आणि कपाट उघडून पंप पुन्हा उशीजवळ नेऊन ठेवला. काकांना शिव्या चालल्या असत्या. तो पंप त्यांच्याच्याने बघवेना.

सकाळी चहा समोर ठेवून काकू म्हणाल्या, "चाकूचा वास घालवा. गेला की तो खिशात ठेवून दिवसभर कामावर जा. संध्याकाळी मी हुंगीन. ओढत असाल तर तोच सांगेल."

अट सरळ होती. चाकू साफ निघाला तर काका सुटले, नाहीतर चोर ठरले. काकांनी पाती उघडली, कोमट पाण्यात भांड्यांचा साबण घातला आणि जुन्या दातांच्या ब्रशने खाचा न् खाचा घासली. पाणी चहासारखं झालं. पात्यांवरून व्हिनेगरचं फडकं फिरवलं, पुसून कोरडं केलं आणि चाकू खायच्या सोड्याच्या डब्यात पुरून झाकण लावलं. काही दिवसांनी काढला तर वास नाही. काका आनंदाने तो खिशात घालून कामाला गेले.

संध्याकाळी काकूंनी हुंगला आणि टेबलावर ठेवला. "येतोय."

रागावल्याही नाहीत. काकांना तेच जड गेलं. त्यांनी पुन्हा घासला, पुन्हा सोडा, पुन्हा खिसा. पुन्हा काकू म्हणाल्या, "येतोय." आता काकांचं हातावर पोट नसतं तर ते डोकं धरून घरीच बसले असते. दिवसभर ऊन, शिडी, घाम, आणि छातीशी तो खिशातला फितूर.

एका घरात दिवा लुकलुकत होता. मालक म्हणाला, "तीन दिवे बदलले, तरी हेच." काका सवयीने म्हणाले, "दिव्याचा दोष नाही, आतला जोड बघायला हवा." आणि बोलताबोलता थबकले. ऊब मिळाली की वास येतो, म्हणजे तो मुठीच्या आत बसलाय. वरवर घासून तो कसा निघणार?

घरी येऊन त्यांनी कानशीने मुठीच्या दोन्ही बाजू धरून ठेवणारे पितळी रिबीट घासून उडवले आणि लाकडाच्या पट्ट्या सोडवल्या. खाली डिंकासारखा काळपट थर होता, त्यात तंबाखूची भुकटी घट्ट बसलेली. काकांनी तो खरवडला, लोखंड धुतलं, पट्ट्या आतून पॉलिश पेपरने घासून उन्हात टाकल्या, मग जवसाचं तेल पाजलं. नवे रिबीट मात्र नव्हते. ते त्यांनी तांब्याच्या जाड तारेचे तुकडे ठोकून केले. कुठलं तरी एखादं यंत्र जोडावं इतक्या निगुतीने त्यांनी तो पाच बोटं लांबीचा चाकू जोडला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काकूंनी चाकू घेतला. मूठ हुंगली, पाती उघडून हुंगली, मग काकांचा खिसा आणि बोटं.

"नाही येत."

काका खुर्चीत टेकले. काकू चाकू हातातच धरून म्हणाल्या, "खरं होतं, तर त्या दिवशी गळ्याशपथ का नाही घेतलीत? एका शब्दात मिटलं असतं."

काकांनी टेस्टर खिशातून काढला, पुन्हा घातला. "तुला दवाखान्यात नेलं ना, त्या दिवशी दुपारी घेतली होती. गळ्याला बोट लावून. खोटी. आणि संध्याकाळी तुझा श्वास अडकला."

"तो धुराने अडकला. शपथेने नाही."

"कळतं गं मला. पण सिगारेट सोडली तेव्हा तीही सोडली. खरं असो नाहीतर खोटं, मध्ये तुझा गळा घालायचा नाही."

काकू उठल्या. उशीजवळचा पंप उचलून त्यांनी कपाटात ठेवला आणि गिऱ्हाइकाचा कोट मांडीवर घेऊन त्याच चाकूने बाही उसवायला बसल्या.

"धार चांगली आहे," त्या म्हणाल्या.