औषधाच्या डब्यातलं पाणी

मालकानं पाणी ओतलं ते हातभर वरून. मी खाली डबा धरून उभी. कपाशीवर मारायच्या औषधाचा, सकाळीच रिकामा झालेला डबा. त्यावर कवटीचं चित्र, खाली आडवी हाडं. गावातल्या बाकीच्या बाया आंब्याखाली बसून गडव्यानं पाणी पीत होत्या. आमच्या बौद्ध मोहल्ल्यातल्या बायांसाठी हा डबा.

ऐंशी सालानंतरची गोष्ट. सौंसरजवळचं आमचं गाव. मी दहावीत होते. शाळेला सुट्टी असली की मायसोबत निंदायला जायची. मी मालकाला म्हटलं, यात विष होतं, यातलं पाणी आम्ही कसं प्यायचं?

तो रागावला नाही. हसला.

"धुतला हाय ना. तुमच्या लोकायले एवढ्यानं काई होत नाई."

आंब्याखालच्या बाया हसल्या. मायनं माझ्या हातून डबा घेतला आणि प्याली. माझ्याकडे बघितलं नाही.

असे डबे मोहल्ल्यात घरोघरी होते. मालक पोळ्याला बक्षीस म्हणून वाटायचा. पक्के, झाकणाचे. पीठ त्यात, लेकरांचं पाणी त्यात. बाया त्यांच्यासाठी भांडायच्या. त्या पावसाळ्यात मोहल्ल्यात उलट्या सुरू झाल्या होत्या. एका घरी थांबल्या की दुसऱ्या घरी. कोंबड्या अंगणात मरून पडायच्या. म्हातारे म्हणत, हवा बिघडली.

त्याच दुपारी माय कपाशीच्या दोन ओळींमधल्या तासात पडली. तोंडाला फेस. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीएवढ्या. मालकाची बैलगाडी वावराच्या धुऱ्यावर, बांधाला रिकामी उभी होती. तो म्हणाला, गाडी देवीच्या कामाला न्यायची आहे, विटाळ नको.

बाजेवर टाकून आम्ही तिला सौंसरच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी विचारलं, काय प्याली? मी म्हटलं, पाणी. मग कशातून ते सांगितलं. ते म्हणाले, असले डबे कितीही धुवा, घरात ठेवू नका.

माय वाचली. हात मात्र थरथरतच राहिले. भाकर थापता येईना.

मी विहारात मोहल्ल्यातली पोरंपोरी जमवली. सगळं सांगितलं. आम्ही घरोघर डबे मागत फिरलो. शेजारची पंचफुलामावशी दारात आडवी उभी राहिली. म्हणाली, "पाणी कशात भरू मंग? तुह्या डोक्यात?"

तेवढ्यात माय भिंतीला धरत धरत आली. आमचा डबा तिनं माझ्यापुढं ठेवला आणि दाराशी टेकवलेली लोखंडी पहार दाखवली.

"मार सब्बल."

मी मारली. डब्याला आरपार भोक पडलं. मावशी आत गेली आणि तिचे डबे घेऊन आली. मग एकेक दार उघडलं. सगळे डबे फोडून विहिरीपासून लांब, बरड्यावरच्या पडीक जमिनीत पुरले.

दुसऱ्या दिवशी बाया स्वतःचं मडकं घेऊन कामावर गेल्या. मायच्या जागी मी. मालक मडक्याकडे बघत राहिला.

"मी देतो ते पाणी पेसान तर काम. नाई तर वावराबाहीर."

मी म्हटलं, "तुमचं विष तुमी ठेवा. आमी चाललो."

भर दुपारी त्याचं वावर सोडून कोणी गेलं नव्हतं कधी. मावशीनं मडकं डोक्यावर घेतलं. आम्ही निघालो.

दिवस मावळताना त्याची माणसं मोहल्ल्याच्या तोंडाशी येऊन बसली. काठ्या मांडीवर. शिव्या नाहीत, धमकी नाही. नुसती बसलेली. आमच्या घरांकडे बघत. कुणी चूल पेटवली नाही. लेकरंसुद्धा रडली नाहीत. मालक आमच्या जागी शेजारच्या बोरगावहून बाया आणणार, एवढं कळलं.

सकाळी मी त्या बायांना डब्यांचं सांगायला बोरगावला निघाले. मोहल्ल्यातल्या दोन पोरी सोबत आल्या. काठीवाले उठले आणि मागं चालू लागले. कपाशी दोन्ही बाजूंनी उभी. रस्त्यावर दुसरं कुणी नव्हतं. मागून एकानं माझं नाव घेतलं. म्हणाला, परत जाय.

पाठीमागची पावलं जवळ येत होती. मी वळले नाही. चालता चालताच पोरींना सांगितलं, "मले मारलं तर उचलाले थांबू नका. बोरगावच्या बायायले डब्याचं सांगा. मंग पुढच्या गावाले जा."