किल्टच्या निऱ्या

काल सूनबाईनं कपाटातला किल्ट वाऱ्याला टाकला आणि लोकरीचा वास घरभर झाला. स्कॉटलंडचे पुरुष लग्नाकार्यात नेसतात तो चौकड्यांचा घागरा. पोराच्या लग्नात मी नेसलो होतो तोच.

सूनबाई तिकडची. व्याह्यांनी हौसेनं माझ्यासाठीही एक आणला होता. लग्नाच्या दिवशी तिकडच्या हॉटेलात खोलीचं दार लावून मी तो गुंडाळला आणि आरशात बघितलं. गुडघे उघडे, आणि बाहेर हॉलभर परकी माणसं. बायकोला म्हटलं, माझ्यानं होणार नाही, आजारी पडलो म्हणून सांग.

"धोतर खोचून गावभर हिंडायचा, तवा कुठं लाजला?" बायको म्हणाली. तिनं निऱ्या पोटावर आणून चापूनचोपून बसवल्या. तेवढ्यात पोरगा आला आणि त्यानं कपाळाला हात लावला.

"आई, उलटं नेसवलंस! ह्याच्या निऱ्या मागं असतात."

तिनं हसत किल्ट फिरवला, पट्टा आवळला. लोकर जड, पट्टा घट्ट, वाकायची सोयच नाही. छाती आपोआप वर आली. भीती मात्र होतीच.

हॉलात शिरताना ती मागून पुटपुटली, "सावकाश चला. निऱ्या झोकात हलत्यात. पाटील दिसताय पाटील."

सगळे म्हणाले, पोशाखानं म्हाताऱ्याला रुबाब आला. मलाही तसंच वाटलं होतं.

बायको जाऊन आता वर्ष होत आलं. काल दार लावून मी किल्ट पुन्हा नेसलो, पट्टा तेवढाच आवळला. पाठ सरळ होईना. खोलीत बघणारं कुणी नव्हतं, मागून पुटपुटणारंही नव्हतं, आणि त्या दिवसापेक्षा जास्त भ्यालो.