वरचा एक रुपया

सव्वीस वर्षांच्या संसारात मी आमच्या ह्यांना एका जागी बसलेलं फक्त जेवताना पाहिलंय. तेव्हाही डावा पाय हलत असतोच. नाव विश्वेश्वर, काम पौरोहित्य. महाराष्ट्रातून काशीला येणाऱ्या यजमानांचे पिंड, तर्पण, ब्राह्मणभोजन, सगळं पंचगंगा घाटावर हेच बघतात. सकाळी उजाडता उजाडता खाली, नऊला संकठाजींच्या गल्लीत घरी चहाला, तोही उभ्याने, की पुन्हा खाली. पायाला भिंगरी लागलेला माणूस.

मी शरदिनी, मूळची गुहागरची. माहेरी शेवटची गेले ती वडिलांच्या तेराव्याला, अकरा वर्षांपूर्वी. आई तिथे एकटी आहे, त्र्याऐंशीची. दर वर्षी मी म्हणायचं, "अहो, जाऊया ना," आणि ह्यांनी म्हणायचं, "पैसे जरा जमू देत." तिकडे सगळं कोकण काशीला येऊन जातंय! दाभोळचे, वेळणेश्वरचे यजमान माझ्या हातचं जेवून, कोकमाची पिशवी हातात ठेवून जातात. त्या पिशवीचा वास आला की माझा जीव वर-खाली होतो. पण सांगणार कुणाला?

ह्या संक्रांतीला मुलीने, मधुराने, विषय काढला. ती बँकेत लागली आहे. तिने ह्यांच्या फोनवर दोन ॲप दाखवली.

"बाबा, हे पहिलं हिसाब ठेवतं. पैसा कुठून आला, कुठे गेला, किती उरला, सब साफ दिसतं. दुसरं चिल्लर गोळा करतं. तुम्ही फोनवरून त्र्याण्णव रुपये दिलेत तर पुढचा दहाचा आकडा, म्हणजे शंभर, धरतं आणि वरचे सात फंडात टाकतं. एकच घ्या, दोन्ही तुमच्याने होणार नाहीत."

"पहिलं घ्या," मी म्हटलं. "एकदा कळू दे तरी पैसा जातो कुठे."

हे खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालत होते. दोन फेऱ्या झाल्या आणि म्हणाले, "दुसरं. पैसा कुठे जातो हे बघून तो वाढत नाही. आईंकडे जायचे पैसे ह्यातच जमवू."

आईचं नाव काढलं म्हणून मी गप्प बसले. चूक झाली.

आता गंमत ऐका. आमच्या घरात कुणाला पूर्ण आकडा देत नाहीत. ब्राह्मणाला दोनशे एक्कावन्न, होडीवाल्याला एकशे एक, फुलवालीलासुद्धा एक्कावन्न. ह्यांचं म्हणणं, पूर्ण आकडा दिला की व्यवहार तिथेच संपतो. वर एक ठेवला की नातं पुढे चालू राहतं. मग त्या ॲपने काय करावं? एकशे एकचे एकशे दहा धरले, नऊ रुपये कापले. दोनशे एक्कावन्नचे दोनशे साठ, पुन्हा नऊ. ज्याने कुणी ते ॲप केलं, त्याच्या स्वप्नातही असा भिक्षुक आला नसेल! दिवसाला दहा-अकरा जणांना द्यायचं, म्हणजे शंभराच्या आसपास रोज गेले.

मधुरा हसून लोटपोट. "बाबा, सीधे सौ द्या ना!"

"शंभर?" हे असे दचकले, जणू कुणी सोवळ्यात शिवलं. "दक्षिणेच्या शेवटी शून्य?"

नऊ-नऊ जात राहिले, आणि ह्यांना नवा चाळा लागला. तर्पण आटोपून हात कोरडे झाले की फोन. फंड वर गेला की फेऱ्या, खाली गेला की जास्त फेऱ्या. मुन्शी घाटापर्यंत उगीच जाऊन यायचे. मला वाटे, फोन उचलावा आणि गंगेत फेकावा.

आषाढात पंधरा हजार चारशे जमले. मी म्हटलं, "झाले ना? काढा आता."

"आत्ता? वाढतायत तर वाढू दे. दिवाळीनंतर बघू."

त्याच दिवशी आईचा फोन आला. म्हणाली, "काय गो, येणार होतीस ना? असो. येशील तेव्हा येशील." रडली नाही, रागावली नाही. त्या "असो"ने माझ्या डोक्यात तिडीक गेली. मधुराला म्हटलं, "ते पहिलं ॲप माझ्या फोनवर घाल. बँकेत आमचं खातं जोडीचं आहे, गेल्या तीन वर्षांचं सगळं त्यात भर."

तिने रविवारभर बसून भरलं. संध्याकाळी फोन माझ्या हातात दिला आणि आत गेली. घरखर्च, औषधपाणी, दक्षिणा, सगळं वजा जाता दर वर्षी चाळीस हजारांच्या वर शिल्लक. आणि दर वर्षी ती ह्यांनी गुपचूप मुदतठेवीत टाकलेली.

पैसे कधी कमी नव्हतेच.

हे घरी आले तेव्हा मी दारातच उभी राहिले. "अकरा वर्षं मला बनवलंत? माझी आई तिथे वाट बघून बघून 'असो' म्हणायला लागली!"

हे फेऱ्या मारायला लागले. मी म्हटलं, "बसा!" तर खरंच बसले, खाटेच्या कडेला. पाय हलत नव्हता. मला भीतीच वाटली.

"लग्नानंतर पहिलं वर्षभर तू रडायचीस," हे म्हणाले. "गंगेकडे बघून म्हणायचीस, हे कसलं पाणी, ह्याला लाटाच नाहीत. आणि तेराव्याला गेलीस ती दोन महिने आली नाहीस. मी रोज स्टेशनची गाडी आली की गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभा राहायचो."

"मग?"

"मग काय! ह्या वेळी गेलीस आणि तिथेच राहिलीस तर?"

असा राग आला, आणि त्याच वेळी असं भरून आलं, की काय करावं कळेना. "अहो, मुलगी बँकेत लागली आपली! आता कुठे तिकडे राहते मी?" एवढंच म्हटलं आणि स्वयंपाकघरात जाऊन चहा टाकला. रडले तिथेच.

फंडातले पैसे ह्यांनी स्वतः काढले. तिकीट मिळालं ते भाद्रपदातलं, माझं एकटीचं, कारण पितृपक्ष तोंडावर होता, यजमान लागलेले. स्टेशनवर फलाटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चार फेऱ्या झाल्या. गाडी सुटताना खिडकीतून पाकीट दिलं. "आईंना दे." आत पाच हजार आणि एक रुपयाचं नाणं. माझ्याकडे बघितलं नाही. मीच म्हटलं, "येते हो मी."

गुहागरला आई ओसरीवर बसली होती. केवढीशी झाली होती! पाकीट उघडलं, नोटा बाजूला ठेवल्या आणि नाणं डोळ्यांजवळ नेलं.

"हा सुटा कशाला गो?"

"वर एक असला की पुढे चालू राहतं, असं ह्यांचं म्हणणं. मी परत यावं म्हणून असेल."

तिने नोटा माझ्या हातात परत ठेवल्या. नाणं मात्र कनवटीला लावलं.

"हा माझ्याकडेच राहू दे," ती म्हणाली. "नाहीतर पुन्हा अकरा वर्षं लावशील."